मुलीपासून खरे लपवू नये

आईवडिलांचा घटस्फोट होत असताना आठ वर्षांच्या मुलीला त्याविषयी काही न सांगता ‘बाबा कामासाठी परगावी गेले आहेत’ एवढेच सांगावे, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. घरातला अबोला या वयाच्या मुलांना लगेच जाणवतो, आणि त्याचे कारण कुणी सांगितले नाही तर ती ते स्वतःमध्ये शोधू लागतात. आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, अशी समजूत करून घेतात. म्हणून शक्य असल्यास दोघांनी एकत्र बसून, परस्परांना दोष न देता, ‘आम्ही वेगळे राहणार आहोत, त्यात तुझी काहीही चूक नाही’ असे तिला सांगावे. शाळा आणि मैत्रिणी त्याच राहणार असतील, तर तेही सांगावे. नसतील तर खोटा दिलासा देऊ नये. तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारील आणि दर वेळी तेच उत्तर शांतपणे द्यावे लागेल.

‘कोणाकडे राहायचे ते तिलाच ठरवू द्या’ असेही सुचवले जाते; तेही मला धोक्याचे वाटते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार पुरेशी समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, परंतु निर्णय न्यायालयाने मुलाचे हित पाहून करायचा असतो. तो भार तिच्यावर टाकू नये. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. भेटीच्या दिवशी तिच्याकरवी पोटगीचे निरोप तर मुळीच पाठवू नयेत.