मदत हवी आहे: टीएलसीमध्ये कोणाला किती गुण?

मंडळी, भावाशी वाद पेटलाय, जरा सोडवा. डब्ल्यूडब्ल्यूएफ कुस्तीच्या रेसलमेनिया १७ (ह्यूस्टन, २००१) मधली एज-ख्रिश्चन, हार्डी (मॅट-जेफ) आणि डडली (बबा रे-डी-वॉन) या तीन जोड्यांची टीएलसी मॅच, म्हणजे टेबल, शिड्या, खुर्च्या सगळं चालतं आणि वर टांगलेले बेल्ट काढेल ती जोडी जिंकते. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचेत. भाऊ म्हणतो जेफच एक नंबर. मला एज वाटतो. जेफ वर बेल्टला लोंबकळतोय आणि एज शिडीवरून झेपावून हवेतच स्पिअर (खांद्यानं पोटात धडक) घालतो! पण तेवढ्या उंचीवरून पाठीवर आपटला जेफच ना? आणि त्याच्याखालची शिडी काढून घेतली बबा रेनं, त्याचं नाव कोणी घेतच नाही. ख्रिश्चनला तर त्यांचा साथीदार ऱ्हायनोनं खांद्यावर उचलून बेल्टपर्यंत पोचवलं, मग त्याला किती द्यायचे? मॅट आणि डी-वॉनपाशी तर माझं घोडं अडलंय. कारणासकट सांगा, नुसतं 'जेफ भारी' नको.