प्रतिसाद: बंद घर आणि शेजारचं घर

घरोघरी जाऊन होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाबद्दल वर दोन मुद्दे आले आहेत. 'आमच्याकडे कधी कुणी आलं नाही, मग आकडे कुठून येतात?' आणि 'घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यावं, काय बिघडतं?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ही जनगणना नव्हे. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे ज्याचं काम आहे, त्या या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातली सुमारे ६.३७ लाख घरं होती. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत आधी सगळ्या घरांची यादी होते, मग त्यातून २२ घरं निघतात. तुमचा नंबर न लागणंच स्वाभाविक.

दुसरा मुद्दा मात्र गंभीर आहे. दुपारी कुलूप कुणाच्या दाराला असतं? मजुरीला गेलेल्यांच्या, ऊसतोडीला गेलेल्यांच्या. शेजारचं उघडं घर घेतलं की नेमकी हीच माणसं आकड्यांतून गळतात. म्हणून बदली घर चालत नाही, पुन्हा जावं लागतं.

फरशी कसली, चूल की गॅस, संडास सामायिक का, हे लोक सहज सांगतात. पाचव्या फेरीत हिमोग्लोबिनसाठी बोट टोचायचं म्हटलं की कुरकुर सुरू व्हायची. खरी कसोटी घरगुती हिंसेच्या प्रश्नांची. ते घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच; सासूबाई चहा घेऊन तिथेच बसल्या तर तो भाग सोडून द्यायचा. त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमीच असणार, असं मला वाटतं.