मुलांच्या पॅलिएटिव्ह वॉर्डात सिस्टर टिकवायच्या कशा?

इन्चार्जताई: आमच्या वॉर्डात गंभीर आजारी मुलांच्या वेदना आणि त्रास कमी करायचं काम चालतं. इथे सिस्टर येतात, शिकतात, जातात. सगळे म्हणतात, "मुलं गेलेली सोसवत नाही." मला हे अर्धंच खरं वाटतं. परवा एकीने बदली मागितली. वजनावरून मॉर्फिन सिरपचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा, डोस काढून दर चार तासांनी न चुकता देणारी पोरगी. सकाळी दहाला बाळ गेलं, तिने आईला सावरलं, नळ्या काढून बाळाला पुसून अंगडं घातलं. अकराला तिला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, तिथे स्टाफ कमी म्हणून! चहासुद्धा नाही. तुमच्याकडे काय करतात?

रातपाळी: आमच्याकडे मूल गेलं की त्या ड्यूटीत त्या सिस्टरला नवा पेशंट देत नाहीत. लेखी नियम नाही, मेट्रनबाईंचा शब्द आहे. त्या पुढच्या वर्षी रिटायर होतायत, मग बघा.

शासकीय_सेवक: खरा घात रोटेशन करतं. ट्रेनिंग घेऊन आलेली वर्षभरात ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात. 2014 साली एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी झाली. पण ते मोजून देणारे हात दरवेळी नवे.

इन्चार्जताई: ऑर्थो! आमचीही तिथेच चाललीय. समुपदेशनाचं लेक्चर ठेवलं होतं हो, तेही जेवणाच्या सुट्टीत, कोण येणार? मेट्रनकडे लेखी मागते: दोन वर्षं बदली नको, आणि मूल गेल्यावर तासभर तिला कुणी हाक मारायची नाही. @रातपाळी, तुम्हीही बाई रिटायर व्हायच्या आत लिहून घ्या.