पाच वर्षं संपत आलीत, गच्ची गळतेय, बिल्डर म्हणतो सोसायटीचं काम

सातवा_मजला: वाकडला सात मजली इमारत, महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाची) नोंदणी आहे. पहिल्या ताब्याला पाच वर्षं पुरी व्हायला चार महिने उरलेत. गच्चीखालच्या चारही फ्लॅटच्या स्लॅबला ओल, पश्चिमेच्या भिंतींवर बीमखाली आडव्या भेगा, पार्किंगच्या एक्सपान्शन जॉइंटमधून (इमारतीच्या दोन भागांत सोडलेल्या सांध्यातून) पाणी. बिल्डर म्हणतो, वॉटरप्रूफिंगची हमी एकच वर्षाची होती, शिवाय सोसायटीने इमारतीचा चार्ज (ताबा-कारभार) घेतला म्हणजे दुरुस्ती सोसायटीची. वर्गणी काढून काम करून घ्यावं का?

उपविधी_वाचक: आत्ताच नको. रेराचं (रिअल इस्टेट कायद्याचं) कलम 14(3) सांगतं की ताब्यापासून पाच वर्षांत ढाच्यातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा; नाही केला तर भरपाई द्यायची. एक वर्षाच्या हमीने किंवा चार्ज दिल्याने हे दायित्व जात नाही. गच्चीची देखभाल सोसायटीकडे आहे हे खरं, पण मुळात सदोष काम वेगळं आणि देखभाल वेगळी.

पाच वर्षं ताब्यापासून मोजतात, ओसीपासून (भोगवटा दाखल्यापासून) नाही. ताबे मागेपुढे झाले असतील तर सर्वांत जुनी तारीख धरा. त्या तारखेपासून पाच वर्षं पुरी व्हायच्या आधी नोटीस पोचलीच पाहिजे. करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, सोबत ईमेलही. व्हॉट्सअ‍ॅपवर "साहेब, बघा ना" लिहिलेलं कमजोर पडतं. नोटिशीत फ्लॅट क्रमांक, खोली, कोणती भिंत, तारखेसह फोटो, 30 दिवसांची मुदत आणि संयुक्त पाहणीची मागणी असू द्या. सामाईक भागासाठी सोसायटीचा ठराव करून सोसायटीच्या नावाने, फ्लॅटच्या आतल्या नुकसानीसाठी त्या-त्या मालकाने.

काँक्रीट_तपासनीस: बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल नोटिशीला जोडा. गच्चीवर पाँडिंग टेस्ट करा: पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करून पाणी साठवा, 48 तास ठेवा, खालच्या छताचे आधी-नंतरचे फोटो आणि मॉइश्चर मीटरची नोंद घ्या. बहुतेकदा दोष कोब्यात (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात) आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेच्या वाट्यात, म्हणजे कठडा-गच्चीच्या कोपऱ्यातल्या गोलसर भरावात, निघतो. उतार नसेल तर पाणी तिथेच मुरतं.

बीमखालच्या आडव्या भेगा सहसा ढाच्याच्या नसतात. ब्लॉकचा शेवटचा थर घाईने बीमला भिडवला, सांध्यावर प्लॅस्टरआधी जाळी मारली नाही, की तिथेच फाटतं. पश्चिमेचा पाऊस मग आत येतो. मात्र कॉलम-बीमवर सळीच्या रेषेत भेग आणि गंजाचा डाग दिसला तर ते गंभीर. तिथे यूपीव्ही (ध्वनिलहरींनी काँक्रीटची तपासणी), हाफ-सेल (सळीच्या गंजाची तपासणी) आणि गरज पडल्यास कोअर टेस्ट (काँक्रीटचा तुकडा कापून तपासणी) लागते.

बिल्डरचा माणूस क्रॅक फिलर आणि रंगाचा डबा घेऊन आला तर आधी लेखी पद्धत मागा: जुना कोबा काढणार का, कोणतं मटेरियल, किती कोट, शेवटी पुन्हा पाँडिंग टेस्ट होणार का. रंग लावला की पुढच्या पावसापर्यंत पुरावाच झाकला जातो.

नवा_फ्लॅटवाला: पण ताबापत्रावर "काम समाधानकारक" म्हणून सही केली असेल तर?

उपविधी_वाचक: त्या दिवशी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बिल्डर ते पुढे करेल. कोब्याखालचा दोष ताबा घेताना दिसतच नाही. खरी अडचण वेगळीच: बाथरूम, नळजोड वा किचन परवानगीशिवाय फोडलं असेल तर जबाबदारी संपेल, असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं. ज्या फ्लॅटमध्ये नूतनीकरण झालंय, त्यांची प्रकरणं सोसायटीच्या तक्रारीत मिसळू नका.

30 दिवसांत हालचाल नाही, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार. दुरुस्तीच्या आदेशासाठी फॉर्म ए, भरपाईसाठी निर्णय अधिकाऱ्याकडे फॉर्म बी. इथे बरेच जण चुकतात: फक्त "दुरुस्त करा" असा आदेश मिळवतात आणि बिल्डर ढिम्म बसतो. आदेश मोडल्यास कलम 63 खाली प्रकल्पखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्यातून तुमची गच्ची दुरुस्त होत नाही. भरपाईची रक्कम ठरली की कलम 40(1) खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणून इंजिनिअरच्या अहवालात बाबनिहाय खर्चाचा अंदाज हवाच.

सातवा_मजला: ग्राहक आयोगात गेलो तर?

उपविधी_वाचक: तोही रस्ता खुला आहे, रेरा असला तरी ग्राहक तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे मात्र जाऊ नका. आणि ज्यांच्या इमारतीला 1 मे 2017 पूर्वीच पूर्णत्वाचा दाखला मिळालाय, त्यांच्यासाठी मोफाचं (महाराष्ट्राच्या जुन्या सदनिका मालकी कायद्याचं) कलम 7. तिथे दोष कळवायला तीनच वर्षं.