मदत हवी आहे: लॅम्ली बफरमध्ये उकळलेले सॅम्पल पुन्हा जेलवर चालवता येते का?

मंडळी, एसडीएस-पेजच्या (एसडीएस हे डिटर्जंट वापरून जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत) सॅम्पलबद्दल विचारायचे आहे. बॅक्टेरियातून शुद्ध केलेले ३२ किलोडाल्टनचे प्रोटीन आहे, त्यात सिस्टीन (एकमेकांशी गंधकाचे बंध जोडू शकणारी अमिनो आम्ले) आहेत. डीटीटी (सिस्टीनमधले बंध तोडणारे रसायन) घातलेले लॅम्ली बफर (जेलवर टाकण्याआधी सॅम्पलमध्ये मिसळायचे एसडीएसयुक्त द्रावण) मिसळून ९५ अंशांवर ५ मिनिटे उकळले, थोडे लोड केले आणि उरलेले उणे २० ला ठेवले. कुमासीत (प्रोटीन रंगवणाऱ्या निळ्या रंगात) एकच स्वच्छ बँड होता. आता वेस्टर्नसाठी (जेलवरचे प्रोटीन अँटीबॉडीने ओळखणाऱ्या ब्लॉटसाठी) तेच सॅम्पल काढले, तर ३२ च्या जोडीला ६४ च्या आसपासही बँड येतो. शिवाय ट्यूब बाहेर काढली तेव्हा तळाशी पांढरे कण होते. सॅम्पल फेकून द्यावे की वाचवता येईल? प्रोटीन फार कमी उरले आहे, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद
फेकू नका. ६४ म्हणजे नेमके दुप्पट, त्यामुळे पहिला संशय डायमरवर, म्हणजे दोन रेणूंच्या जोडीवर. डीटीटी हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू निकामी होते आणि ट्यूब काढ-घाल केली की आणखी लवकर. मग मोकळे सिस्टीन पुन्हा एकमेकांना धरतात. ताजे डीटीटी घाला, शेवटी साधारण १०० मिलिमोलर होईल इतके. पुन्हा दोन-तीन मिनिटे ९५ वर ठेवा, थंड झाल्यावर स्पिन करून झाकणाला लागलेले पाणी खाली आणा आणि मग लोड करा.

पांढरे कण बहुतेक एसडीएसच असणार, थंडीत ते खाली बसतेच. ट्यूब ३७ अंशांवर धरली की विरघळेल. पूर्ण विरघळल्याशिवाय पिपेट बुडवू नका, नाहीतर वेलमध्ये (जेलमधल्या सॅम्पलच्या खाचेत) नक्की काय गेले ते कळणार नाही. गरम करूनही कण राहिले तर मूळ बफरमध्ये पोटॅशियम आहे का बघा. पोटॅशियम आणि डोडेसिल सल्फेट एकत्र आले की साका बसतो, आणि तो प्रोटीनलाही सोबत नेतो. अशा वेळी पुढच्या खेपेला लॅम्ली मिसळण्याआधीच डायलिसिस करून (पातळ पडद्यातून बफर बदलून) सोडियमच्या बफरमध्ये आणा.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत, पण एक शंका. वेस्टर्न कुमासीपेक्षा कितीतरी संवेदनशील असते. ६४ चा बँड पहिल्यापासूनच असेल आणि कुमासीत दिसलाच नसेल, असेही शक्य आहे. म्हणून जुने सॅम्पल जसेच्या तसे आणि ताजे डीटीटी घातलेले, दोन्ही एकाच जेलवर चालवून त्याचेच ब्लॉट करा. मध्ये एक-दोन लेन रिकाम्या सोडा! डीटीटी शेजारच्या लेनमध्ये झिरपते आणि तुलनेचा विचका होतो.

धागाकर्ता
हे रिकाम्या लेनचे ठाऊक नव्हते, धन्यवाद. बफर फॉस्फेटचे आहे, पण सोडियमचे. दुसऱ्या एका सेटमध्ये मेम्ब्रेन प्रोटीन (पेशीच्या पटलातले) आहे, तेही असेच उकळून ठेवू का?

प्रतिसाद
ते उकळू नका. बरीच मेम्ब्रेन प्रोटीन ९५ ला गोळा होतात आणि वेलच्या तोंडाशीच अडकून बसतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. मात्र इतक्या तापमानाला प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) मरत नाहीत, तेव्हा त्यांना रोखणारे इनहिबिटर आधीच घातलेले हवेत. आणि दोन्ही सेट छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा, म्हणजे दर खेपेला एकच ट्यूब उघडावी लागेल. वारंवार उकळल्याने ॲस्पार्टेट-प्रोलिनचा बंध तुटू शकतो. मग खाली नवेच बँड दिसू लागतात आणि त्यांचा दोष उगाच प्रोटिएजवर जातो.