मिरासदारांची गोष्ट रेडिओवर लागली की... (आपले अनुभव लिहावेत)

विनोदी कथाकार द. मा. मिरासदार यांचा जन्म १९२७ साली अकलूजला झाला. म्हणजे ते आपल्या सोलापूर जिल्ह्याचे. पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकवले. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्याबरोबर त्यांनी कथाकथन गावोगाव पोहोचवले. मात्र आमच्यासारख्या अनेक घरांत ते पहिल्यांदा आले ते रेडिओमधूनच. चेहरा दिसत नसताना, हातवारे दिसत नसताना या माणसाने आपल्याला एवढे धरून का ठेवले, याविषयी सोलापूरकरांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. अनुभवाच्या वर आपण कुठले ते लिहावे. सुरुवात मी करतो.

माझे वडील माढा तालुक्यातले एक खेडे सोडून गिरणीत कामाला आले होते. रात्रपाळी नसेल त्या दिवशी ते जेवण झाल्यावर रेडिओजवळ बसत. मिरासदारांच्या कथांमधल्या भोकरवाडी या काल्पनिक गावाची गोष्ट लागली, की नाना चेंगट काहीतरी बातमी घेऊन येणार, बाबू पैलवान मध्येच तोंड घालणार आणि गणामास्तर शहाणपणा सांगणार, हे आम्हां मुलांना ठाऊक असे आणि आम्ही विनोदाची वाट पाहत असू. वडील मात्र विनोदाच्या आधीच हसत. नानाचे नाव निघाले, की ते आईकडे वळून आपल्या गावातल्या एका माणसाचे नाव घेत आणि म्हणत, "हा तोच बघ." शेत गेले होते, घर पडले होते, गावी जाण्याचे निमित्तही उरले नव्हते, पण त्या अर्ध्या तासात ते पारावर जाऊन बसून येत, हे मला फार उशिरा समजले.

साखर पेठ

आमच्या घरी तेलुगू बोलतात. अम्मा विड्या वळायची. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब असल्यामुळे तिला मान वर करायला फुरसत नसे. मांडीवर तंबाखू आणि कापलेल्या पानांचे सूप, शेजारी रेडिओ, अशी तिची बैठक असे. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालूच असायचा, त्यामुळे रेडिओ अगदी कानाजवळ लागे. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम समजत होते, आणि मिरासदारांची ग्रामीण बोली तर शाळेत शिकणाऱ्या आम्हांलाही अडायची. तरीही ती ऐकायची, कारण शब्दाच्या आधी तिला त्यांचा सूर कळायचा. गोष्टीत कोणी थाप मारू लागला, की तो थापाच मारतो आहे हे ती आमच्या आधी ओळखायची. हात एरवी कधी थांबत नसत. पण मिरासदार वाक्याच्या मध्ये क्षणभर थांबले, की अम्माची बोटेही दोऱ्यावर थांबत आणि ते पुढे बोलले, की पुन्हा चालू होत. "चेंगट" या शब्दाचा अर्थ मी तिला पुष्कळ वर्षांनी सांगितला, तेव्हा तिने तो आधीच ओळखलेला होता.

जुळे सोलापूर

मी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले. रात्री दूरची केंद्रे एकमेकांत मिसळत आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना आवाज बुडे. तेव्हा लोक ट्रान्झिस्टर थोडा थोडा फिरवत बसत. त्यात अर्थ होता, कारण आतल्या फेराइटच्या दांडीला दिशा लागते. सेल उतरले, की ते उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत. गाणे बुडाले तर फारसे बिघडत नसे, पण गोष्टीतले एक वाक्य गेले, की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाईक विचारी, "ते शेवटी काय झाले हो?" दुकानातल्या कोणाला तरी ते ठाऊक असेच.

होटगी रस्ता

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, परंतु एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मी शिक्षिका होते आणि या कथा वर्गात अनेकदा वाचून दाखवल्या. त्या पारावर बायका नाहीत. गप्पा मारायला, थापा मारायला, रिकामे बसायला ज्यांना वेळ आहे, ते सगळे पुरुष आहेत, आणि माझ्या विद्यार्थिनींनी हे मला एकदा स्पष्टपणे विचारलेही. त्याचबरोबर हेही खरे, की १९७२च्या दुष्काळात माझी आई दिवसभर खडी फोडून आल्यावर ज्या आवाजापाशी बसली, तो हाच होता. त्यांनी गावाचे गोडवे गायले नाहीत. त्यांच्या गोष्टींतली माणसे आळशी आहेत, भित्री आहेत, फुकटचा मोठेपणा मिरवणारी आहेत. तरी सांगणारा त्यांना कधी तुच्छ लेखत नाही. हाताला फोड आलेल्या माणसाला उपदेश नको असतो. आई म्हणायची, "हा माणूस आपल्याला काही शिकवत नाही, म्हणून बरा वाटतो." मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे हे वाक्य मला आयुष्यभर पुरले आहे.

सध्या पुणे, मूळचा बार्शीचा

मी रेडिओच्या काळातला नाही. २ ऑक्टोबर २०२१ रोजी मिरासदार गेले, त्या वेळी मी घरी आलो होतो. रात्री वडिलांनी लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आम्हांला सांगायला घेतली, अगदी मिरासदारांच्याच पद्धतीने थांबत थांबत. ती ऐकताना माझ्या लक्षात आले, की वडील एरवी असे बोलत नाहीत. ही लय त्यांनी कधीतरी तिथूनच उचलली असावी. शेवटाजवळ येऊन ते अडखळले, आठवू लागले आणि गप्प बसले. तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेल्या आईने, हात न थांबवता, तिथून पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली.