मदत हवी आहे: पाटीवरची वेलबुट्टी लेझरला जड जातेय

६० वॉटची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मशीन, ३ मिमी एमडीएफ (लाकडी तंतूंचा दाबलेला बोर्ड), मशीन चालवणारं सॉफ्टवेअर लाइटबर्न. ३०० बाय २०० मिमीची पुणेरी पाटी, भोवती हाताने काढलेली वेल.

अक्षरांचं निस्तरलंय. अक्षरांचे पाथ (बाह्यरेषा) केल्यावर शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि फिलमध्ये (आतला भाग ओळीओळीने जाळून भरताना) नेमका तेवढाच तुकडा कोरा राहतो. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये युनियन मारलं (आकार जोडून एक केले) की शिरोरेषा अखंड.

डोकेदुखी वेलीची. स्कॅन ट्रेस केला (चित्रावरून रेषा काढून घेतल्या) की प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा येतात, म्हणजे लाइन मोडमध्ये (नुसत्या रेषेवरून जाळताना) दुहेरी जळतं. नोड (रेषेवरचे बिंदू) इतके दाट की वळणावर लेझरचं हेड अडखळतं, काळे ठिपके पडतात. सिम्प्लिफाय (नोड कमी करणं) वाढवलं तर पानांची टोकं बोथट! सेंटरलाइन ट्रेसने (रेघेच्या मध्यावरून) रेघ एकच मिळते, पण फांद्या जुळतात तिथे बारीक शेपट्या उगवतात. त्या हाताने न खुडता कशा घालवता?

दुसरं, कोपऱ्यांतली चार फुलं फिलमध्ये आहेत, ओळींमधलं अंतर ०.१ मिमी. ‘फिल ऑल शेप्स ॲट वन्स’ला (सगळे आकार एकदम भरताना) दोन फुलांमधल्या रिकाम्या जागेवरून हेड दर ओळीला फुकट धावतं. प्रत्येक फुलाचा वेगळा ग्रुप करून ‘फिल ग्रुप्स टुगेदर’ (एकेक ग्रुप वेगळा भरणं) लावलं, तर वाचलेला वेळ ओव्हरस्कॅन (वेग घ्यायला-सोडायला ओळीच्या टोकांना हेडची जादा धाव) खातो का?

एकावर एक आलेल्या डुप्लिकेट रेषा काढून झाल्यात. ‘मशीन बदला’ हा सल्ला कृपया नको.